गाव करी ते राव न करी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या कार्यालयात एक रंगीत माहितीपत्रक येऊन पडले. ‘तुमच्या पाल्यातील नेता जागवा’ असा त्याचा मथळा. एका चांगल्या हॉटेलात दोन दिवसांचे निवासी शिबिर. मुलांना भाषण कसे करावे, हात कसा मिळवावा, टाय कसा बांधावा आणि समोरच्यावर छाप कशी पाडावी हे शिकवणार. शेवटी प्रमाणपत्र. फीचा आकडा पाहून आमच्यापैकी एकाने चष्मा पुसून तो पुन्हा वाचला.

त्याच आठवड्यात आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. सभेला आलेल्या मंडळींकडे नजर टाकली तर काळे केस मोजायला एका हाताची बोटे पुरली असती. जमाखर्च वाचून झाल्यावर खजिनदार म्हणाले, "आता डोळे साथ देत नाहीत. ही कीर्द-खतावणी कुणीतरी तरुणाने हाती घ्यावी." सभागृह गप्प झाले. पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

वाचकहो, आमच्या डोक्यातून ती शांतता अजून गेलेली नाही. या शाळेतून शिकून गेलेल्या मुलामुलींची यादी लहान नाही. कुणी कापडाच्या धंद्यात नाव काढले, कुणी डॉक्टर झाले, कुणी पुण्या-मुंबईस गेले, कुणी साता समुद्रापार. त्यांचा अभिमान आम्हांला आहेच. गणेशोत्सवाला त्यांच्याकडून वर्गणी येते, इमारत निधीला देणगी येते. पण देणगी येते आणि माणूस येत नाही. संस्था चालवायची, दहा घरच्या दहा तऱ्हा सांभाळून एक निर्णय करायचा, रुसलेल्याची समजूत काढायची, हिशेब चोख ठेवायचा, हे काम करणारे हात आम्ही घडवलेच नाहीत. मुलांना गुण मिळवायला शिकवले. समाज चालवायला शिकवायचे राहून गेले.

मग त्या माहितीपत्रकातले शिबिर भरवावे का? आम्हांला वाटते, तसे नव्हे. नेतृत्व शिकवता येते, पण ते बाजारातून तयार आणता येत नाही. ज्या माणसांत ते चालवायचे त्यांच्याच भाषेतून, रीतीभातीतून आणि मूल्यांतून ते उगवावे लागते. हे आमचे मत काही केवळ जुन्या माणसांचा हट्ट नाही. आपल्यापेक्षा कितीतरी अधिक गांजलेल्या लोकांनी हा प्रश्न आपल्या आधी सोडवायला घेतला आहे. त्यांची हकिकत आधी सांगतो.

अमेरिकेत साउथ डकोटा नावाचे राज्य आहे. तेथे लकोटा लोक राहतात. आपण लहानपणी ज्यांना सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणत असू, त्यांच्यापैकी हे एक. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे सरकारने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी एक निवासी शाळा काढली. पहिल्या तुकडीत लकोटांची मुले मोठ्या संख्येने होती. आईबापांपासून शेकडो कोस दूर नेऊन त्यांचे केस कापले, कपडे बदलले, नावे बदलली आणि स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी केली. मुलगा शिकावा पण लकोटा राहू नये, असा तो बेत होता. १८९० च्या डिसेंबरात वूंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लकोटांच्या तळावर गोळ्या चालवल्या. स्त्रिया आणि मुलेही त्यातून सुटली नाहीत. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्या दारिद्र्यात आणि न्यूनगंडात गेल्या.

अशा लोकांनी १९७१ साली पाइन रिज या आपल्या राखीव प्रदेशात स्वतःचे कॉलेज काढले. आज ते ओग्लाला लकोटा कॉलेज या नावाने ओळखले जाते. एकच मोठी इमारत बांधून विद्यार्थ्यांना तेथे बोलावण्याऐवजी त्यांनी प्रदेशाच्या वेगवेगळ्या विभागांत अभ्यासकेंद्रे उघडली, म्हणजे लेकुरवाळ्या बाईलाही शिकता यावे. पुढे त्यांनी पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. त्याचा विषय काय ठेवला? लकोटा नेतृत्व आणि व्यवस्थापन. पदवीधर माणसाने हिशेब, कायदा, कारभार तर शिकायचाच, पण सोबत आपली भाषा, आपला इतिहास आणि पूर्वजांची पुढारपणाची रीतही शिकायची.

ती रीत समजून घेण्यासारखी आहे. लकोटांमध्ये धैर्य, सोशिकपणा, औदार्य आणि शहाणपण हे चार गुण मोठे मानतात. पूर्वीच्या मुखियाला हुकूम सोडण्याची सत्ता फारशी नसे. लोक त्याच्या मागे जात ते विश्वासापोटी, आणि तो विश्वास त्याला देऊन देऊन मिळवावा लागे. शिकार आणली की आधी म्हाताऱ्यांना आणि विधवांना. ज्याच्याकडे सर्वांत जास्त साठले तो मोठा नव्हे, ज्याच्या हातून सर्वांत जास्त सुटले तो मोठा. त्यांच्या प्रार्थनेत एक वचन वारंवार येते, ‘मिताकुये ओयासिन’. अर्थ असा की, सगळी माझीच सोयरी. आपल्या वारकऱ्याला याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतले दाखले कशाला? जवळचा सांगा. तर जवळचा सांगतो. तो इतका जवळचा आहे की सकाळची गाडी धरून जाता येईल, आणि त्याच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे.

डॉ. गणेश देवी मूळचे भोरचे. जन्म १९५० चा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकले आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. इंग्रजीत लिहिलेल्या समीक्षाग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पगार, मान, सगळे होते. १९९६ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि ‘भाषा’ ही संशोधन व प्रकाशन संस्था सुरू केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत बडोद्याहून छोटा उदेपूरकडे जाणाऱ्या वाटेवर तेजगड या गावी आदिवासी अकादमी उभी राहिली. हा राठवा लोकांचा मुलूख. जवळच्या कोराज डोंगरावर प्राचीन शैलचित्रे आहेत आणि राठवांच्या घरात भिंतीवर पिठोरा देवाचे घोडे रंगवलेले असतात.

या अकादमीत महाविद्यालय संपवलेली आदिवासी मुले-मुली येऊ लागली. त्यांना शिकवायचे काय? देवींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला तो असा की, या मुलांना शहरात नेऊन कारकून करणे सोपे आहे, पण मग गाव तेथेच राहील. म्हणून अभ्यासाचा विषयच त्यांचे स्वतःचे गाव ठेवला. आपल्या बोलीतल्या गोष्टी आणि गाणी लिहून काढायची. आपल्या गावात कर्ज कुणावर किती आहे, धान्य कोणत्या महिन्यात संपते, सावकार व्याज किती घेतो, हे शोधायचे. आणि नुसते शोधून वहीत ठेवायचे नाही, तर त्यावर उपाय करायचा. त्यातून गावोगाव बचत गट झाले, धान्यकोश झाले. सिकल सेल हा रक्ताचा आजार आदिवासी पट्ट्यात पुष्कळ. त्याची माहिती लोकांना त्यांच्याच बोलीत देण्याचे कामही झाले. शाळेतून गळालेल्या मुलांसाठी ‘वसंतशाळा’ निघाली. तेथे मूल आधी आपल्या घरच्या राठवी बोलीत लिहू-वाचू लागते, मग गुजरातीकडे वळते. ‘ढोल’ नावाचे नियतकालिक आदिवासींच्या भाषांतून निघाले. ज्या बोलीला कुणी भाषा म्हणत नव्हते ती छापलेली पाहून माणसाची मान किती ताठ होत असेल, याची कल्पना मराठी माध्यमाच्या मुलाला नक्की करता येईल.

लकोटांचे कॉलेज आणि तेजगडची अकादमी यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे आमचे म्हणणे नाही. पण दोघांनी एकच गोष्ट ओळखली. शिकलेला मुलगा आपल्या माणसांची लाज बाळगू लागला, तर तो त्यांचा पुढारी कधीच होऊ शकत नाही. फार तर साहेब होईल.

याहून जवळचा दाखला हवा असेल तर आपल्या सुरतेच्याच अंगणात आहे. आपल्यापैकी निम्मी कुटुंबे दर उन्हाळ्यात ताप्ती लाइनीने गावी जातात. उधना, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार. नवापूर स्टेशनवर अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात, ही गंमत आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. पण खिडकीतून दिसणाऱ्या गामित, चौधरी, वसावा, कोकणा लोकांविषयी त्यांना काय ठाऊक असते? १९२२ च्या अखेरीस या भागात एक विलक्षण चळवळ झाली. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेले ‘देवी’चे वारे सुरगाणा, डांग असे करीत सुरत जिल्ह्यात आले. सलाबाई नावाची देवी साध्यासुध्या माणसांच्या अंगात येई आणि सांगे की दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या गुत्तेवाल्यांची मजुरी करू नका. हजारो आदिवासींनी ते ऐकले. कुणी पुढारी शहरातून आला नव्हता. त्यांच्याच माणसाच्या तोंडून, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच देवीने सांगितले होते. गांधीजींचे कार्यकर्ते तेथे पोहोचले ते नंतर. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर सबंध ग्रंथ लिहिला आहे.

त्या काळी वरच्या जातीचे लोक या आदिवासींना ‘काळीपरज’, म्हणजे काळे लोक, म्हणत. नंतर ‘रानीपरज’, म्हणजे रानात राहणारे, हे नाव रुजले. नाव बदलले की माणसाची नजर बदलते. वेडछी गावी जुगतराम दवे यांनी आपले सारे आयुष्य या मुलांच्या शिक्षणाला दिले. मुले सूत कातीत, शेती करीत, आश्रमाचा कारभार आपण पाहत आणि शिकता शिकता शिक्षक होऊन आपल्याच गावाकडे परतत. त्या कामातूनच पुढे वेडछीचे गांधी विद्यापीठ उभे राहिले. २००७ पासून हा भाग तापी जिल्ह्यात गेला, त्याआधी तो आपल्या सुरत जिल्ह्यातच होता. आणि सोनगड-व्याऱ्याच्या पट्ट्यात, हा मुलूख गायकवाडांचा असताना, सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली होती, हेही आपण विसरू नये.

इथपर्यंत वाचून मान डोलवणे सोपे आहे. आता आपल्याकडे वळतो, आणि येथे आम्हांला आमचीच चूक सांगायची आहे.

आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी किती जणांच्या घरी पुस्तकी मराठी बोलतात? लिंबायत, उधना, पांडेसरा येथून येणारे मूल बहुधा धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यातले. घरी अहिराणी बोलतात. पहिलीतली मुलगी वर्गात उभी राहून ‘मनी माय’ म्हणाली की आपण काय करतो? ‘मनी माय नव्हे, माझी आई म्हण’ असे म्हणतो. वर्ग हसतो. मुलगी खाली बसते. आमच्यापैकी एकाने, जे तीस वर्षे शिक्षक होते, कबूल केले की, "मी हे इतक्या वेळा केले आहे की मोजदाद नाही, आणि ते मराठीवरच्या प्रेमाने केले."

आपण तक्रार करतो की गुजराती आणि इंग्रजीच्या दडपणाखाली मराठी दबते. मग आपणही अहिराणीला तेच करतो, त्याचे काय? २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषा सांगणारे अठरा लाखांहून अधिक लोक होते. देवींच्या पुढाकाराने २०१० पासून झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. त्याच्या महाराष्ट्र खंडाचे संपादन अरुण जाखडे यांनी केले. त्यात अहिराणीला भाषेचा मान आहे. आमच्या वर्गात मात्र नव्हता.

आणि गंमत पाहा. त्याच वर्गात त्याच दिवशी बहिणाबाई चौधरींची कविता शिकवली जाते. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या. अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर जे सुचले ते आपल्या लेवा बोलीत गायल्या. ही बोली अहिराणीची शेजारीण. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने मुलगा सोपानदेव यांनी त्या कविता प्रसिद्ध केल्या आणि सारा महाराष्ट्र चकित झाला. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. लिहिता न येणाऱ्या बाईचे नाव विद्यापीठाला! तिची बोली पुस्तकात छापली की आपण तिला कविता म्हणतो, आणि पोराच्या तोंडून निघाली की अशुद्ध म्हणतो.

सभेत तरुण का येत नाहीत, याचे एक उत्तर आम्हांला येथे सापडते. ज्या मुलीला पहिलीत खाली बसवले, ती पंचविसाव्या वर्षी सभेत उभी राहून आपले मत मांडेल ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? तिला वाटते, संस्था म्हणजे शुद्ध बोलणाऱ्यांची. आपण देणगी द्यावी आणि बाजूला राहावे.

पालकांची शंका आम्हांला ऐकू येते. "हे सगळे ठीक आहे हो, पण पोटापाण्याचे काय? बोलीने नोकरी मिळते का?" शंका रास्त आहे, आणि तिला हसण्यावारी नेणारे आम्ही नव्हे. इंग्रजी यायलाच हवी. गुजराती तर आपल्या शेजाऱ्याची भाषा, ती न येणे म्हणजे ज्या गावचे पाणी प्यायलो त्याचा अपमान. लकोटांच्या पदव्युत्तर वर्गात इंग्रजी आणि जमाखर्च शिकवतातच. वसंतशाळेतली मुले राठवीवर थांबत नाहीत. प्रश्न कोणती भाषा काढून टाकायची हा नाहीच, प्रश्न पाया कशावर घालायचा हा आहे. घरच्या भाषेवर पाया घातला की वर तीन मजले चढवता येतात. पाया उकरून टाकला की पहिल्याच मजल्याला तडे जातात.

दुसरी शंका आम्ही स्वतःच काढतो. आपल्या संस्कृतीतले सगळेच पुढारपण घेण्याजोगे आहे का? मुळीच नाही. जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकले, आंतरजातीय लग्न केलेल्या मुलींची आयुष्ये उद्ध्वस्त केली. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला. म्हणजे मूल्यांचीही पाखडणी करावी लागते. सुपात घ्यायचे, फटके मारायचे, फोलपट उडू द्यायचे. उरते ते पुष्कळ आहे. शेतकऱ्यांची इर्जिक घ्या. एकाच्या शेताला साऱ्या गावाचे बैल, आणि शेतवाल्याने जेवण घालायचे. सावड घ्या. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. झाबुआचे भिल्ल यालाच मिळतेजुळते ‘हलमा’ म्हणतात. हाक घातली की प्रत्येक घरचा माणूस येतो. वारीतली दिंडी घ्या. शेकडो माणसे पंधरा-वीस दिवस चालतात, जेवतात, झोपतात, आणि कोतवाल लागत नाही. लहान-मोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. आणि आपली पंगत घ्या. ज्याच्या घरी पंगत, तो शेवटी जेवतो. नेतृत्वाची याहून सोपी व्याख्या आम्हांला सुचत नाही. शेवटी जेवतो तो पुढारी. लकोटांच्या मुखियाची व्याख्या याहून वेगळी नव्हती.

गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव सर्वांना ठाऊक असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्या गावाशी जोडलेली आहेत. तेथे बहुमताने निर्णय करीत नाहीत, सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलत राहतात. सोबत अभ्यासगट चालवतात. वनहक्काचा कायदा लोकांनी तेथे बसून वाचला, समजून घेतला, आणि २००९ साली गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. गोंडी परंपरा आणि भारताचा कायदा, दोन्ही एकाच वेळी हाती धरले म्हणून हे झाले. नुसत्या परंपरेने झाले नसते आणि नुसत्या कायद्यानेही झाले नसते.

आता बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात नको. आमच्या चार सूचना विश्वस्त मंडळापुढे ठेवतो.

पहिली सूचना शिक्षकांसाठी. पाचवी ते सातवीला आठवड्यातून एक तास ‘घरची बोली’चा असावा. मुलांनी आजी-आजोबांकडून शब्द, म्हणी, गोष्टी, ओव्या गोळा करून देवनागरीत लिहाव्यात. अहिराणी, लेवा, वऱ्हाडी, कोकणी, जे घरी असेल ते. त्यातले निवडक या पत्रिकेच्या एका पानावर आम्ही छापू. आणि पहिलीच्या वर्गात ‘मनी माय’ला कुणी हसणार नाही, एवढी हमी आपण सर्वांनी द्यावी. ‘माझी आई’ ती पुढे आपोआप शिकते. आधी तिची माय वर्गात येऊ द्या.

दुसरी सूचना नववीपासून पुढच्या मुलांसाठी. प्रत्येकाने आपल्या गल्लीची एक वही करावी. कोणते कुटुंब कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कशासाठी आले. गल्लीत शाळाबाह्य मूल आहे का. म्हाताऱ्या माणसाला औषध कोण आणून देते. तेजगडच्या मुलांनी गावाचे केले, ते आपण गल्लीचे करू. वहीत एक तरी अडचण अशी निघेल की जी मोठ्यांच्या मदतीने वर्षाच्या आत सुटेल. ती सोडवणे हीच परीक्षा.

तिसरी सूचना आमच्या पदवीधर माजी विद्यार्थ्यांसाठी, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. संस्थेने दर वर्षी दोन पदवीधरांना उमेदवार विश्वस्त म्हणून घ्यावे, त्यात एक मुलगी असावीच. वर्षभर त्यांनी खजिनदारांशेजारी बसून कीर्द लिहायला शिकावी, चॅरिटी कमिशनरच्या कचेरीतली कागदपत्रे कशी भरतात ते पाहावे, शिक्षण खात्याशी पत्रव्यवहार करावा, भांडणाच्या सभेत बसावे आणि भांडण मिटताना पाहावे. त्यांना सभेत बोलण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून असावा. शिक्षण पुरे झाल्यावर त्यांतला एक जरी मंडळावर कायम राहिला तरी दहा वर्षांत दहा जण होतात. हेच आमचे पदव्युत्तर नेतृत्व शिक्षण. त्याला हॉटेल लागत नाही.

चौथी सूचना सहलीची. दर वर्षी आपण मुलांना कुठल्या तरी बागेत नेतो. एका वर्षी वेडछी आणि तेजगड करावे. अट एवढीच की, माणसे पाहायला नव्हे तर ऐकायला जायचे. तेथील मंडळींना आधी विचारून, त्यांच्या सवडीने, आणि परत आल्यावर काय शिकलो ते लिहून त्यांना पाठवायचे.

विश्वस्त मंडळींना एक गोष्ट विनयाने सांगायची आहे. तरुण येत नाहीत ही तक्रार खरी, पण आपण त्यांना काय देतो? खुर्च्या लावायला बोलावतो, निर्णयाला बोलावत नाही. चाळिशीच्या माणसालाही आपण ‘पोरगा’ म्हणतो. नवीन कल्पना आली की ‘आमच्या वेळी’ सुरू होते. आम्ही स्वतःही यातून सुटलेले नाही. लकोटांचा मुखिया मोठा ठरे तो हातातले सोडून. आपण खुर्ची सोडायला शिकलो तर पुढच्या पिढीला दिलेला तोच पहिला धडा होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. नेता म्हणजे व्यासपीठावरचा माणूस असे तुम्हांला वाटत असेल, तर येत्या स्नेहसंमेलनात व्यासपीठाकडे पाठ करून एकदा स्वयंपाकाच्या मांडवाकडे पाहा. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर, उरलेल्या मसालेभातावर शेवटी कोण बसते ते बघा. त्यांच्याशेजारी जाऊन बसा.

ती कीर्द-खतावणी सध्या कार्यालयातल्या कपाटात आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना ती शिकून घ्यावी असे वाटते, त्यांनी शनिवारी सायंकाळी कार्यालयात येऊन नाव द्यावे. मराठी कशी बोलता हे कुणी विचारणार नाही. खजिनदारांनी पहिला धडा स्वतः देण्याचे कबूल केले आहे.

कळावे, लोभ असावा.